तंबूतलं मध्ययुग

“दारापर्यंत जा, मुफीदा. आत नको जाऊस. आत गेलीस की पोरीच्या आधी तूच रडायला लागशील, आणि मग त्या न दिसणाऱ्या लेकराला उठून तुझे डोळे पुसावे लागतील.”

आयदाने हे सांगितलं तेव्हा तिच्यात उशीवरून मान उचलायचंही त्राण उरलं नव्हतं. पण धाकट्या बहिणीला ती शेवटपर्यंत नीट ओळखून होती. मुफीदाने ते सांगणं पाळलं. बहिणीच्या मुलीला, मिरेतला, तिने शाळेच्या दारापर्यंत नेलं, चर्चमधल्या गायनवर्गाच्या दारापर्यंत नेलं, आणि पोरगी इतिहास शिकायला कॉलेजात गेली तेव्हा शुब्र्याच्या वस्तीतून मेट्रोने रोज फाटकापर्यंत नेलं. फाटकाच्या आत काय चालतं हे तिने कधी विचारलं नाही. विचारलं की कळतं, आणि कळलं की भीती वाटते.

भीतीचं म्हणाल, तर मुफीदाकडे भीतीची ददात कधीच नव्हती. लिफ्टची भीती, लिफ्ट बंद असली तर जिन्याची भीती, दारावरची घंटा वाजली की तार आली असेल याची भीती. तारा येणं बंद होऊन जमाना लोटला होता तरी. प्रहराप्रहराच्या प्रार्थना ती चुकवत नसे, उपासाचे दिवस काटेकोर पाळी, आणि प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी देवाला हळूच सांगे, “बाबा रे, आजचा दिवस काही न घडता जाऊ दे.” देवही बहुतेक वेळा ऐकत असे. बाईचं मागणं काही फार नव्हतं.

पण त्या हिवाळ्यात मिरेत म्हणाली, “मावशी, ह्या वेळी माझा पेपर मी लिहिणार. माझ्या हाताने.” आणि काही न घडणारे दिवस संपले.

त्याचं असं होतं की न दिसणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक द्यावा असा नियम आहे. लेखनिक विद्यार्थ्यापेक्षा कमी शिकलेला असावा, हाही नियमच. नाहीतर तो पदरचं ज्ञान घालायचा. मागच्या वर्षी मध्ययुगाच्या पेपराला कॉलेजने जो लेखनिक दिला, तो या नियमात फारच चपखल बसत होता. मिरेतने पानंच्या पानं तोंडी सांगितली आणि त्याने सगळं एका पानात बसवलं. हात दुखायला लागला की तो लिही, ‘बाकी सगळं असंच.’ फ्रान्सचा राजा नववा लुई मन्सूऱ्याजवळ पकडला गेला, त्या ठिकाणी त्याला बहुधा राजाची दया आली असावी. राजा पकडला गेल्याचं त्याने लिहिलंच नाही. त्याच्या उत्तरात लुई अजून मोकळाच हिंडतो आहे.

मिरेत नापास झाली. आणि हा पेपर या वर्षीही राहिला तर तिचं नाव पटावरून कमी होणार होतं. बाप कुवेतला, आई वर देवाकडे, आणि मधे मुफीदा.

“लिहिणार म्हणजे कशी?”

“बोलणाऱ्या लॅपटॉपवर. मी टाइप करते, तो वाचून दाखवतो. चूक झाली तर कानाला कळते. घरी रोज करतेच की.”

“आणि परवानगी?”

“एक अर्ज करायचा, मावशी. साधा अर्ज.”

 साधा अर्ज नावाची वस्तू मुफीदाने आयुष्यभर वीजकचेरीत नोकरी करताना पाहिली होती.

शुब्र्याच्या त्या इमारतीत कुणाच्या घरी अर्ज शिजायला लागला की वास सगळ्या मजल्यांवर जातो. आधी खालच्या मजल्यावरची, हज करून आलेली हाज्जा इनसाफ आली. तिच्या हातात वांग्यांचं ताट होतं, कारण नाताळाआधीचे उपास चालू होते आणि मुफीदाचे उपास मुफीदाखालोखाल हाज्जाच्याच लक्षात असत.

“तेलातलंच आहे गं. तुपाच्या चमच्याला शिवलेसुद्धा नाही. आणि ऐक, अर्जबिर्ज सोड. कचेरीत जा आणि मोठ्याने रड. सरकारी माणूस लाचेला भीत नाही, रडणाऱ्या बाईला भितो.”

“मला मोठ्याने रडता येत नाही, हाज्जा.”

“मग मी येते. माझ्या नवऱ्याच्या पेन्शनच्या वेळी रडले होते, तिथले लोक अजून नाव काढतात.”

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे उस्ताझ बहगत उतरले. शिक्षण खात्यातून निवृत्त, म्हणून उस्ताझ, म्हणजे मास्तर. पायजम्यावर कोट घालून हिंडायचे, म्हणजे खाली आराम आणि वर अधिकार. “रडणं बेकायदेशीर आहे,” ते म्हणाले. “हे सगळं कलमांत आहे. मुफीदाबाई, कागद द्या. अर्ज मी लिहितो.”

त्यांनी लिहिला. अर्जाची सुरुवात नाईल नदीपासून होती. मग पूर्वजांनी जगाला लेखनकला कशी दिली ते आलं, मग मानवी प्रतिष्ठा आली, आणि लॅपटॉप आला तो शेवटच्या पानाच्या तळाशी, सहीला खेटून, उतारू गाडीच्या दारात लोंबकळतो तसा.

विद्यार्थी सहाय्य कचेरीतल्या मादाम इहसान यांनी मटार सोलता सोलता तो वाचला. टेबलावर एका बाजूला फायली, एका बाजूला शेंगा, आणि मधल्या भांड्यात दाणे. मुफीदा जीव मुठीत धरून उभी होती. फाटकाच्या आतलं तिचं हे पहिलंच पाऊल. मनातल्या मनात तिने आयदाची माफी मागून घेतली होती.

“फार सुंदर आहे,” मादाम इहसान म्हणाल्या. “पण तुम्हाला हवंय काय? नाईल?”

“लॅपटॉप,” मिरेत म्हणाली.

“मग तसं सांग ना, पोरी. डोळ्यांचा दाखला?”

“मागच्या वर्षी दिलाय.”

“तो मागच्या वर्षीचा. ह्या वर्षी दिसत नाही हे कशावरून?”

“मादाम, दिसायला लागलं तर सगळ्यात आधी येऊन तुमचे मटार बघेन.”

मादाम इहसान हसल्या. मुफीदाला मात्र घाम फुटला. सरकारी माणसाशी थट्टा म्हणजे झोपलेल्या कुत्र्याचं शेपूट. आणि मादामने हसत हसतच त्यांना वैद्यकीय मंडळाकडे पाठवलं.

मंडळातल्या डॉक्टरांना घाई होती. त्यांनी मान वर न करता म्हटलं, “भिंतीवरची अक्षरं वाच.”

“कुठली भिंत?” मिरेतने विचारलं. विचारायलाच हवं होतं.

डॉक्टरांनी लिहिलं: ‘सहकार्य करत नाही.’

हे तीन शब्द खोडून घ्यायला जे हेलपाटे झाले त्यांचा हिशोब मुफीदाने ठेवला नाही, देवाने ठेवला असेल. एका खिडकीवर सांगत, खोडायला नवा अर्ज हवा. दुसऱ्या खिडकीवर सांगत, नवा अर्ज करायचा तर जुना खोडलेला हवा. शेवटी हाज्जा इनसाफ सोबत गेली आणि मंडळाच्या जिन्यात अशी काही रडली की दोन मजल्यांवरचे लोक आपापली दुखणी विसरून धावले. दाखला मिळाला. उस्ताझ बहगत म्हणाले की हा त्यांच्या अर्जाचाच परिणाम.

मग गरुड. कागदावर सरकारचा गरुडाचा शिक्का नसेल तर तो कागद वांगी गुंडाळायच्या लायकीचा, हे शुब्र्यातलं शेंबडं पोरही सांगेल. शिक्का ज्यांच्या कपाटात असतो ते गृहस्थ मयताला गेलेले. ते आले तेव्हा कपाटाची किल्ली घरी. असं करत करत, परीक्षा तोंडावर आल्यावर, गरुड एकदाचा कागदावर उतरला.

परवानगी होती. तिच्या पोटात अटी होत्या.

लॅपटॉप कॉलेजचा असावा. कॉलेजने नवा कक्ष उघडला होता. फीत कापून, फोटो काढून, यंत्रांवरचं प्लास्टिक धूळ बसेल म्हणून तसंच ठेवून. हेडफोन चालणार नाहीत. हेडफोन म्हणजे कॉपी, मग कान मंत्र्याच्या मुलाचे का असेनात. खाली परीक्षाप्रमुख डॉक्टर शौकी यांची सही.

“हेडफोन नसेल तर तो मोठ्याने बोलेल,” मिरेत म्हणाली.

“बोलू दे की! तुला वेगळी खोली आहे. भिंतींना कशाला कॉपी करायची?” मादाम इहसान म्हणाल्या. “आता सोबतीला कोण? वायर लावायला, कागद वाचून दाखवायला.”

उस्ताझ बहगत खास कोट घालून आले होते, आणि या वेळी पायजम्याऐवजी पँटही होती. मादामने त्यांना विचारलं, “पदवी?” त्यांनी दोन सांगितल्या. “मग नाही चालणार.” उस्ताझ बाहेर पडले तेव्हा त्यांचा अपमानही झाला होता आणि सत्कारही झाला होता, आणि नेमकं काय वाटून घ्यावं हे त्यांना जिना उतरेपर्यंत ठरवता आलं नाही. हाज्जा इनसाफला अक्षरओळख नव्हती, म्हणजे नियमाने अगदी सोन्यासारखी. पण मग कागद कोण वाचणार, आणि तिला गप्प कोण बसवणार?

“मादाम, तुमचं शिक्षण?” मादाम इहसान मुफीदाकडे वळल्या.

“व्यापारी डिप्लोमा,” मुफीदा पुटपुटली. “पण त्या वर्षी मी जिल्ह्यात…”

“पदवी नाही ना?”

“नाही, पण…”

“मुबारक! बसलात नियमात.”

आणि मुफीदाने सही केली: ‘मला मध्ययुगाची काहीही माहिती नाही. प्रश्न वाचून दाखवल्यानंतर मी परीक्षेत तोंड उघडून चकार शब्द काढणार नाही. काढल्यास विद्यार्थिनीचा पेपर रद्द समजावा.’ तिच्या डिप्लोमाचं प्रमाणपत्र अजून घरी काचेत लावलेलं होतं. सही करताना ती काच मनातल्या मनात तडकली. पण शेवटचं वाक्य वाचल्यावर अपमान कुठल्या कुठे पळाला आणि त्याच्या जागी जुनी, ओळखीची भीती ऐसपैस येऊन बसली.

परीक्षेच्या सकाळी त्या पोचल्या तर वेगळ्या खोलीला कुलूप. किल्लीवाले गृहस्थ गावी सांत्वनाला गेलेले. त्या घराण्यात त्या वर्षी फारच माणसं जात होती. पर्यवेक्षक उस्ताझ फहमी, मफलर गुंडाळलेले, सर्दीने नाक लाल झालेले, म्हणाले, “मग तंबूत बसा. कोपऱ्यात. काय फरक पडतो?”

विद्यार्थी दालनांत मावेनासे झाले की कॉलेज आवारात तंबू उभारतं. लाल-निळ्या वेलबुट्टीचं कापड, झुंबरं, रांगेने खुर्च्या. आमच्याकडे हाच तंबू लग्नाला, हाच मयताला. उपाशीपोटी, पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेतलेली मुफीदा आत शिरली आणि मयताच्या तंबूतल्या सवयीने दारावरच्या माणसाचा हात हातात घेऊन सांत्वनाचं म्हणाली, “उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो.”

“मादाम,” तो म्हणाला, “अजून पेपर सुरू व्हायचाय.”

लॅपटॉप मांडला. वायर विजेच्या एका लांब पट्टीला लावायची होती आणि त्याच पट्टीला उस्ताझ फहमींची चहाची किटली जोडलेली होती. मुफीदाने प्रश्न हळू आवाजात वाचून दाखवले. पहिलाच प्रश्न नवव्या लुईचा होता. जुना देणेकरी चौकात सापडावा तसं हसू मिरेतच्या चेहऱ्यावर आलं.

तिने हात वर केला. “उस्ताझ, खोली नाही तर निदान हेडफोन द्या. हे यंत्र बोलतं.”

“नियम नियम आहे, मुली. हळूच लिही.”

आता बोलणाऱ्या यंत्रावर हळूच कसं लिहायचं, हे उस्ताझ फहमींनाच ठाऊक. आवाज कमी करायची कळ त्या नव्याकोऱ्या यंत्रात होती, पण ती दाबली की यंत्र विचारी, “आपण व्यवस्थापक आहात काय?” आणि मिरेत व्यवस्थापक नव्हती. तिने सुस्कारा सोडला आणि लिहायला लागली.

यंत्राचा आवाज बातम्या देणाऱ्या निवेदकासारखा होता. धीरगंभीर, स्पष्ट, कुणीतरी थोर माणूस गेल्याचं सांगत असल्यासारखा. “फ्रान्सचा राजा. नववा लुई. दमिएत्ताच्या किनाऱ्यावर. उतरला. पूर्णविराम. नवी ओळ.”

मुफीदाची खुर्ची तंबूकडे तोंड करून होती. आधी तिला जाणवली ती शांतता. इतक्या पोरांचा तंबू, कुणी खोकेना, कुणी पाय हलवेना. मग तिला पेनं दिसली. मिरेतने वाक्य टाइप केलं की सगळ्या तंबूतली पेनं भाताच्या शेतातून वारा जावा तशी एका बाजूला झुकत. मिरेत विचार करायला थांबली की सगळी पेनं थांबत. यंत्र “पूर्णविराम” म्हणालं की सगळा तंबू एकदम टिंब देई.

मुफीदाचं धाबं दणाणलं. मिरेतला सांगावं? तर तोंड उघडलं म्हणून पेपर रद्द. न सांगावं? तर सगळ्यांना उत्तर पुरवलं म्हणून पेपर रद्द. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे सही करून दिलेली बाई. तिने डोळ्यांनी उस्ताझ फहमींना खुणावलं. उस्ताझ किटलीकडे पाहत होते.

मागच्या रांगेतून एक आवाज आला, अगदी अदबीने: “जरा मोठ्याने, प्लीज. इकडे येत नाही.”

मिरेतची बोटं थबकली. तिने मान किंचित तिरकी केली, जशी ती रस्ता ओलांडण्याआधी करते. ती ऐकत होती. मुफीदाने तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना पाहिला आणि तिला कळलं की पोरीलाही कळलंय. मिरेतने पुन्हा हात वर केला, उंच केला, तसाच धरून ठेवला. उस्ताझ फहमी लांबूनच म्हणाले, “शाबास, चालू दे, चालू दे.”

वेळ जात होता. पोरीने हात खाली घेतला आणि लिहू लागली. दुसरं करणार काय?

मुफीदाने ओठ घट्ट मिटून घेतले.  एवढी प्रार्थना करणारी बाई, पण त्या घटकेला एक ओळ आठवेना. आतल्या आत ती एवढंच म्हणाली, “मार मीना, संता, हिचा पेपर वाचव. हिचं नाव पटावर राहू दे. मी परत येईन. ह्याच तंबूत येईन. ज्याच्यासाठी कुणी येत नाही त्याच्यासाठी बसेन आणि लिहीन.” नवस बोलून झाल्यावर तिला वाटलं, मेणबत्त्या बोलायला हव्या होत्या. पण शब्द गेला होता.

संतांच्या कामाची पद्धत निराळी असते. आधी परिस्थिती आणखी बिघडली.

“राजाच्या सैन्याने,” यंत्र म्हणालं, “नदी ओलांडली. बॅटरी पंधरा टक्के.”

सगळी पेनं वाकली.

मुफीदाने खाली पाहिलं. किटलीची वायर नीट बसावी म्हणून कुणीतरी लॅपटॉपची वायर केव्हाच काढून ठेवली होती. ती उस्ताझ फहमींजवळ गेली. बोलायचं नाही! तिने वायर दाखवली, किटली दाखवली, हात जोडले.

“दोनच मिनिटं, मादाम. उकळी येतेय.”

“मन्सूऱ्याच्या. गल्ल्यांमध्ये. बॅटरी दहा टक्के.”

पुढे काय झालं ते मुफीदाला कधीच नीट सांगता आलं नाही. तिचं म्हणणं, हात आपला आपणच पुढे गेला. तिने किटलीची वायर उपटली आणि लॅपटॉपची खोचली. किटली कलंडली, गरम पाणी उस्ताझ फहमींच्या बुटांत शिरलं, आणि ते “माझा चहा!” म्हणून असे ओरडले की शेजारच्या इमारतीतून परीक्षाप्रमुख डॉक्टर शौकी धावत आले.

डॉक्टर शौकींनी ओला बूट पाहिला, बोलणारं यंत्र ऐकलं, मग रांगांमधून चालत गेले. मधेच थांबून त्यांनी एका पोराचा कागद उचलला आणि मोठ्याने वाचला: “‘राजाच्या सैन्याने नदी ओलांडली बॅटरी पंधरा टक्के.’” दुसरा उचलला. त्यातही सैन्य बॅटरीवरच चाललेलं. तिसऱ्यात तर पोराने हुशारी केली होती: ‘सैन्याची ताकद पंधरा टक्के उरली होती.’

तंबूत कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टर शौकी हसले नाहीत.

“यंत्र बंद करा. मुलीला माझ्या खोलीत आणा. आणि ह्या बाईंनाही.”

त्या खोलीत मुफीदा खुर्चीच्या कडेवर बसली. डॉक्टर शौकी येरझारा घालत होते. त्यांच्याही कपाळावर घाम होता. हे तिने पाहिलं, आणि भीती काय असते हे तिच्याइतकं कुणाला कळणार? हा माणूस घाबरलाय. अख्खा तंबू कॉपी करत होता हे बाहेर गेलं तर वर्तमानपत्रवाले ह्याला सोडणार नाहीत. त्याला एक गुन्हेगार हवा आहे, लहानसा, गप्प बसणारा.

“कॉपीला मदत म्हणजे कॉपीच,” डॉक्टर म्हणाले. “तू मोठ्याने उत्तरं सांगितलीस. मला तुझा पेपर रद्द करावा लागेल, मुली. नाइलाज आहे.”

“मी दोनदा हात वर केला, डॉक्टर,” मिरेत म्हणाली. आवाज शांत होता, पण पदराला धरावं तसं तिने मुफीदाच्या कोटाचं टोक धरलं होतं. “हेडफोन मागितला. मला पेनं ऐकू येत होती. मी थांबले की थांबायची. मला कळलं, पण मी काय करू? न लिहिता बसू? मागच्या वर्षी दुसऱ्याने लिहिलं म्हणून गेला. ह्या वर्षी मी लिहिलं म्हणून जाणार?”

डॉक्टर मुफीदाकडे वळले. “मादाम, तुम्ही समोर बसला होतात. तुम्हाला दिसत होतं. तोंडातून शब्द काढला नाहीत?”

“नाही काढला,” मुफीदा म्हणाली. आवाज इतका बारीक की डॉक्टरांना वाकावं लागलं. “तशी सही केली होती. शब्द काढला तर हिचा पेपर जाणार होता.”

“आणि आता बोलताय!”

“आता पेपर झाला.” तिने पर्स मांडीवर दाबून धरली. “डॉक्टर, मी अडाणी बाई आहे. कॉलेजनेच तसं ठरवलंय. मध्ययुगाचं मला काही कळत नाही. पण हेडफोन नको असं परवानगीवर लिहिलंय, आणि खोली देऊ असंही लिहिलंय. खोली दिली नाहीत. हेडफोन मात्र आठवणीने दिला नाहीत. खाली तुमची सही आहे आणि सहीवर गरुड आहे. पोरीचा पेपर रद्द केलात तर मला हा कागद घेऊन वर जावं लागेल. मला वर जायची फार भीती वाटते. लिफ्टचीसुद्धा वाटते. पण मी जाईन.”

 दाराशी उभ्या उस्ताझ फहमींच्या बुटात पाणी पचपचलं.

“आणि आमच्या खाली एक हाज्जा राहतात,” मुफीदाने अगदी हळू जोडलं. “त्या सोबत येतील. त्या रडतात.”

डॉक्टर शौकी खाली बसले.  मग सरकारी माणसाला देवाने दिलेली जी एक देणगी असते ती जागी झाली: कुणाचीच चूक नसलेलं वाक्य. “विजेच्या बिघाडामुळे,” ते हळूहळू म्हणाले, “तंबूतल्या सर्वांची परीक्षा पुन्हा घेण्यात येईल. उस्ताझ फहमी, बिघाड तुमच्या बुटापर्यंत पोचला होता, हे अहवालात घाला. मुलगी मादाम इहसान यांच्या खोलीत बसेल. हेडफोन लावून.”

मिरेतने नाताळानंतर पेपर दिला, मटारांच्या वासात, कानांत निवेदक घेऊन. मादाम इहसान दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. कुणालाही आत सोडत नव्हत्या, अगदी किल्लीवाल्या गृहस्थांनासुद्धा. ती पास झाली. गुण काही डोळे दिपवणारे नव्हते, पण त्या पेपरातला राजा पकडला गेला होता आणि शब्दन् शब्द तिचा होता. फेरपरीक्षा झाल्याबद्दल पोरांनी थोडे दिवस तोंडं वाकडी केली, मग जिन्यात भेटली की तिला विचारू लागली, “काय मिरेत, बॅटरी किती?” ती रोज वेगळा आकडा सांगे.

राहिला नवस.

मुफीदा चर्चमध्ये धर्मगुरू अबूना तद्रोस यांच्याकडे गेली. अबूनांचा हात कपाळाला लावून तिने सगळं सांगितलं, आणि शेवटी विचारलं, “अबूना, हा नवस बदलून मेणबत्त्या चालतील का? मोठ्या लावीन. माझ्या उंचीच्या.”

“का गं?”

“मला त्या तंबूची भीती वाटते. आत गेलं की मेल्यासारखं होतं.”

अबूना दाढीत हसले. “मुफीदा, मार मीनाकडे मेणबत्त्या पुष्कळ आहेत. लेखनिक नाहीत.”

उन्हाळ्याच्या परीक्षा आल्या. बनी सुएफ गावचा शहाता नावाचा एक मुलगा, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला, त्यालाही दिसत नाही. यंत्राची परवानगी अजून कुठल्याशा कपाटात, आणि तो बोलतो इतका भरभर की एकही लेखनिक दुसऱ्या दिवशी परत येत नाही. मादाम इहसान यांनी हे मिरेतला सहज सांगितलं, मिरेतने मुफीदाला सहज सांगितलं, आणि मग दोघींनी तो विषय काढला नाही. पण आठवडाभर मुफीदा दुपारच्या बातम्या लागल्या की रेडिओजवळ वही घेऊन बसे आणि निवेदकाबरोबर लिहीत सुटे. पहिल्या दिवशी अर्ध्याच बातम्या हाती आल्या. शेवटी शेवटी हवामानापर्यंत पोचली.

शहाताच्या पेपराच्या सकाळी मिरेत अजून झोपलेली होती. मुफीदाने प्रार्थना केली, केस बांधले, पर्समध्ये चार पेनं टाकली, मग पाचवं टाकलं. दाराशी ती जरा भिंतीला टेकून उभी राहिली. मग बूट हातात घेऊन, आवाज न करता, दार ओढून घेतलं.

पहिल्या मजल्यावर हाज्जा इनसाफ पायरी धूत होती. “एवढ्या सकाळी कुठे गं? तोंड बघ तुझं, पांढरंफटक पडलंय.”

“जरा जाऊन येते, हाज्जा,” मुफीदा म्हणाली. ओल्या पायरीवर बसून तिने बूट घातले, कठडा धरला, आणि खाली उतरली.